काथ्या आणि सिमेंट यांची पकड कशी वाढवायची: नवख्यांसाठी कृती

सिमेंटच्या मालात तंतू घालायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो ‘किती घालायचे?’ हा. खरं तर तो नंतरचा प्रश्न आहे. तंतू सिमेंटला धरतच नसतील तर मुठीने घाला नाहीतर घमेल्याने घाला, चीर पडली की ते सुळकन निसटून येणार. उलट पकड गरजेपेक्षा जास्त झाली तर तंतू सुटायच्या आधीच तुटतात आणि तुकडा काचेसारखा फटकन मोडतो. आपल्याला हवं आहे ते या दोन्हींच्या मधलं: चीर रुंदावत असताना तंतू घासत घासत, जोर खात हळूहळू बाहेर यावा. पकड सुधारायची म्हणजे हे गाठायचं.

या लेखात मुख्यतः काथ्या घेतला आहे. कोकणात तो सहज मिळतो, स्वस्त असतो आणि सिमेंटशी त्याचं मुळात पटत नसल्यामुळे पकडीचे जवळजवळ सगळे प्रश्न त्याच्यात एकत्र दिसतात. देशावर आणि मराठवाड्यात बांधावरच्या घायपाताचा, म्हणजे केकताडाचा वाख वापरता येईल. जिथे कृती बदलते तिथे तसं सांगितलं आहे. स्टील, पॉलिप्रॉपिलीन आणि काचेच्या तंतूंबद्दल शेवटच्या भागात थोडक्यात आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. या कृतीने १०–१५ मिमी जाडीचे पत्रे, कुंड्या, जाळीचे ठोकळे, गिलाव्याचे थर किंवा न्हाणीच्या आडोशाचे पॅनेल करता येतील. स्लॅब किंवा बीममधली एकही सळई त्याच्या भरवशावर कमी करू नका.

पकड नेमकी कुठे सुटते

माल ओला असताना प्रत्येक तंतूभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा जमतो. सिमेंटचे कण तंतूच्या अंगाला नीट दाटीने बसू शकत नाहीत. पुढे माल घट्ट झाल्यावर तिथे साधारण २० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, एक भुसभुशीत पट्टा उरतो. त्यात पोकळ्या जास्त असतात आणि सिमेंट मुरताना तयार होणाऱ्या चुन्याचे मोठाले स्फटिक जास्त असतात. पकड सुटते ती बहुधा याच पट्ट्यात.

काथ्याच्या बाबतीत आणखी तीन अडचणी आहेत. त्याच्या अंगावर मेण आणि तेलकट थर असतो. त्यातून टॅनिन आणि साखरेच्या जातीची द्रव्यं पाझरतात, ती सिमेंटला जमू देत नाहीत. सिमेंटच्या वजनाच्या हजारातला एखादा भाग साखरसुद्धा सेटिंग तासन्‌तास लांबवायला पुरते. तंतूच्या अगदी लगत तर ती एकवटलेलीच असते. तिसरी अडचण फुगण्या-आकसण्याची. कोरडा काथ्या स्वतःच्या वजनाइतकं पाणी सहज पितो, ओल्या मालात फुगतो आणि माल वाळायला लागला की आकसतो. फुगलेल्या तंतूभोवती सिमेंट घट्ट झालेलं असतं, त्यामुळे आकसल्यावर भोवती सूक्ष्म फट राहते. म्हणजे तंतू स्वतःच्याच साच्यात सैल होऊन बसतो.

पुढची प्रत्येक पायरी यांपैकी कुठल्या ना कुठल्या अडचणीवर आहे.

पायरी पहिली: तंतू निवडणं आणि कापणं

सोडणापासून, म्हणजे नारळाच्या सालीपासून, यंत्राने काढलेला तपकिरी काथ्या आणि खाडीच्या पाण्यात सडवलेल्या सोडणाचा फिकट काथ्या, असे दोन प्रकार मिळतात. खाडीच्या पाण्यातल्या काथ्यात मीठ असतं. पॅनेलमध्ये कोंबडीजाळी किंवा तार घालणार असाल तर ते मीठ तिला गंजवेल, म्हणून असा काथ्या गोड्या पाण्यात तीन वेळा तरी खळबळून घ्या. दोरी वळण्यासाठी तेल लावलेला काथ्या घेऊच नका, तेल निघता निघत नाही.

भुसा पूर्ण झाडून काढा. हा भुसा म्हणजेच कोकोपीट. तो पाणी धरून ठेवतो आणि मालात मऊ डाग तयार करतो. घडवंचीवर जाळी टाकून त्यावर काथ्या हाताने पिंजला की बराचसा भुसा खाली पडतो.

काथ्याची जाडी ०.१ ते ०.४ मिमी अशी वाटेल तशी बदलते. २५ ते ३० मिमी लांबीचे तुकडे करा. याहून लांब तुकडे मालात गोळे करतात, याहून फार आखूड केले तर चिरेच्या दोन्ही बाजूंना पुरेसे गाडले जात नाहीत. कापायला पत्र्याची कात्री किंवा कडबा कापायची अडकित्त्यासारखी सुरी चालते. काथ्याची जुडी दोरीने घट्ट बांधून कापली की लांबी सारखी येते.

पायरी दुसरी: धुणं आणि उकळणं

काथ्या आधी साध्या पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी पाणी चहासारखं तपकिरी झालेलं दिसेल. ते टाकून नव्या पाण्यात दोन तास उकळा, पुन्हा पाणी बदला. पाणी फिकट पिवळं होईपर्यंत धुवा.

पुरेसं धुतलं का, हे ओळखायची सोपी चाचणी आहे. धुतलेल्या काथ्याची एक मूठ थोड्याशा पाण्यात दोन तास ठेवा. ते गाळलेलं पाणी घेऊन एका वाटीत १०० ग्रॅम सिमेंट कालवा. दुसऱ्या वाटीत तेवढंच सिमेंट, तेवढंच पण नळाचं पाणी. दोन्हींवर ओलं फडकं झाका आणि दर तासाला खिळ्याने टोचून पाहा. काथ्याच्या पाण्याची वाटी तासाभराहून जास्त मागे पडत असेल तर धुणं अपुरं आहे. ही चाचणी लोक कंटाळा करून टाळतात आणि नंतर ‘सिमेंट डुप्लिकेट होतं’ म्हणून दुकानदाराशी भांडतात.

पायरी तिसरी: कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया

धुण्याने साखर जाते, मेण जात नाही. त्यासाठी कॉस्टिक सोडा. तो तंतूच्या पृष्ठभागावरचं मेण आणि हेमिसेल्युलोज (तंतूतला सहज विरघळणारा भाग) काढतो, काही प्रमाणात लिग्निनही (तंतूला कडकपणा देणारं द्रव्य). पृष्ठभाग खडबडीत होतो, बारीक खड्डे उघडे पडतात आणि त्यांत सिमेंट शिरतं.

२०० ग्रॅम कोरड्या काथ्यासाठी ४ लिटर पाणी आणि २०० ग्रॅम कॉस्टिक फ्लेक्स घ्या. म्हणजे ५ टक्क्यांचं द्रावण झालं. प्लास्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची बादली घ्या. ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको. कॉस्टिक त्याला खातं आणि पेटणारा हायड्रोजन वायू सुटतो. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना बंद चष्मा घालून, उघड्यावर हे काम करा. नेहमी पाण्यात सोडा थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. पाणी एकदम तापून उसळतं. अंगावर थेंब उडाला तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहा. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटं धरा आणि दवाखाना गाठा.

द्रावण थंड झाल्यावर काथ्या बुडवा, वर जाळी ठेवून दाबून ठेवा, दोन तासांनी काढा. घायपाताचा वाख नाजूक असतो, लिग्निन कमी. त्याला २ टक्क्यांचं द्रावण आणि एक तास पुरतो. मग धुवायचं. चार-पाच पाण्यांनंतर एका बादलीत दोन कप व्हिनेगर टाकून त्यात काथ्या दहा मिनिटं ठेवा, पुन्हा दोनदा साध्या पाण्याने धुवा. शेवटच्या पाण्यात पीएच पट्टी बुडवून ७–८ दिसलं की झालं. उरलेलं द्रावण विहिरीच्या कडेला किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. आधी व्हिनेगरने ते शांत करा आणि पट्टीने तपासा.

जास्त वेळ ठेवलं तर जास्त चांगलं, असं इथे नाही. प्रक्रियेआधीचे आणि नंतरचे दहा-दहा तंतू टांगून तोडून पाहा (वजन कसं टांगायचं ते पुढे आहे). तुटायचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं असेल तर वेळ अर्ध्यावर आणा. पकड दुप्पट आणि तंतू अर्धमेला, हा सौदा तोट्याचा.

कॉस्टिक हाताळायचं नसेल तर चुन्याची निवळी वापरा. दोन मुठी विरलेला चुना बादलीभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, वरचं स्वच्छ पाणी घ्या आणि त्यात काथ्या एक दिवस बुडवा. परिणाम सौम्य असतो, मेण पूर्ण निघत नाही, पण धोका पुष्कळ कमी. पहिल्याच खेपेला मुलांना सोबत घेऊन शाळेतला प्रकल्प करणार असाल तर निवळीच बरी.

पायरी चौथी: फुगणं-आकसणं कमी करणं

वनस्पतीचे तंतू पुन्हा पुन्हा भिजवून वाळवले की त्यांच्या आतल्या पोकळ्या मिटत जातात आणि पाणी पिण्याची ताकद कायमची कमी होते. कागद बनवणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे, कारण रद्दीपासून बनवलेल्या लगद्यात त्यांना नेमका हाच त्रास होतो. सिमेंटवाल्यांना मात्र तोच फायद्याचा. घायपाताच्या तंतूंवर स्पेन आणि ब्राझीलमधल्या संशोधकांनी हे करून पाहिलं आहे; तिथे साधारण दहा आवर्तनं आणि ६० ते ८० अंशांच्या भट्टीतलं वाळवणं असतं.

घरगुती पद्धतीत रात्री भिजवायचं, सकाळी पिळून काळ्या प्लास्टिकवर किंवा पत्र्यावर पसरायचं. एप्रिल-मेच्या उन्हात पत्रा चांगलाच तापतो. अशी आठ-दहा आवर्तनं करा. भट्टीइतका परिणाम मिळत नाही, पण प्रत्येक आवर्तनानंतर २० ग्रॅम कोरडा काथ्या भिजवून, पिळून वजन करत गेलात तर आकडा खाली येताना दिसेल. तो खाली यायचा थांबला की तुम्हीही थांबा. पावसाळ्यात हा उद्योग करू नका. तंतू वाळायच्या आधी बुरशी धरते.

पायरी पाचवी: माल

आता सिमेंटच्या बाजूने. तंतूभोवतीचा भुसभुशीत पट्टा दाट करायचा तर तिथे जमणारा चुना कशाने तरी खाल्ला गेला पाहिजे, आणि पोकळ्या भरणारी बारीक पूड हवी. मेटाकाओलिन (भाजलेल्या चिनी मातीची पूड), सिलिका फ्यूम (सिलिकॉनच्या भट्ट्यांच्या धुरातून मिळणारी अतिबारीक पूड) आणि फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख) ही दोन्ही कामं कमीअधिक करतात. सिलिका फ्यूमचे कण सिमेंटच्या कणापेक्षा शंभरेक पटींनी बारीक असतात, त्यामुळे ते तंतूच्या अंगाला चिकटून बसतात. पण सिलिका फ्यूम महाग आहे आणि फ्लाय ॲश आळशी. ती आठवड्यांच्या हिशोबाने काम करते. काथ्यासाठी मेटाकाओलिन हा मधला आणि चांगला पर्याय आहे.

चुना कमी करण्याचं दुसरं कारण टिकाऊपणा. सिमेंटच्या ओलाव्याचा पीएच १२.५ च्या वर असतो. त्यात लिग्निन हळूहळू विरघळतं आणि चुना तंतूच्या पोकळ नळीत शिरून घट्ट होतो. मग तंतू ठिसूळ होतो. मातीच्या गाऱ्यात गव्हाचं काड वर्षानुवर्षं टिकतं आणि सिमेंटमध्ये काथ्या टिकत नाही, याचं कारण हेच. रिओ दि जानेरोच्या फेडरल विद्यापीठातल्या तोलेदो फिल्यू यांच्या गटाने घायपाताचे तंतू घालून केलेल्या पत्र्यांत निम्मं सिमेंट काढून त्या जागी मेटाकाओलिन आणि भाजलेल्या विटेची पूड वापरली, ती या चुन्याचा बंदोबस्त करायलाच.

एका वेळी हाताने कालवता येईल एवढ्या मालाचं प्रमाण असं घ्या:

ओपीसी (साधं पोर्टलँड) सिमेंट ७ किलो, फ्लाय ॲश २ किलो, मेटाकाओलिन १ किलो, वाळू १२ किलो, पाणी ४.२ लिटर, सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन) ६० ते १०० ग्रॅम, काथ्या २०० ते २२० ग्रॅम (कोरडं वजन).

दुकानात बहुधा पीपीसी (राख मिसळलेलं पोर्टलँड सिमेंट) हातात ठेवतात. त्यात फ्लाय ॲश आधीच असते, म्हणून पीपीसी असेल तर ९ किलो पीपीसी आणि १ किलो मेटाकाओलिन एवढंच. वरून फ्लाय ॲश नको. पोत्यावर काय छापलंय ते वाचा, गवंड्याच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका. वाळू किंवा क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) २.३६ मिमीच्या चाळणीतून चाळून घ्या. क्रश सँडमध्ये दगडाची धूळ जास्त असेल तर पाणी जास्त लागतं. अशा वेळी पाणी वाढवू नका, प्लास्टिसायझर थोडं वाढवा.

एवढ्यात सुमारे साडेबारा लिटर माल होतो, १२ मिमी जाडीचा साधारण एक चौरस मीटर पत्रा. काथ्याचं प्रमाण मालाच्या आकारमानाच्या दीड टक्का पडतं. वाख वापरलात तर तो काथ्याहून जड असतो, २६० ग्रॅमपर्यंत लागेल. पहिल्या खेपेला दोन टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. तंतू जास्त झाले की माल त्यांच्यामध्ये शिरतच नाही, आणि दोन टक्के चांगले धरलेले तंतू चार टक्के कोरड्या गुंत्याला भारी पडतात.

पायरी सहावी: काथ्याची ओल

सगळ्यात जास्त चुका या पायरीवर होतात, आणि त्याही दोन उलट दिशांना. कोरडा काथ्या थेट टाकला तर तो भोवतालचं पाणी ओढून घेतो. तंतूलगतचं सिमेंट तहानलेलं राहून पावडरीसारखं उरतं. निथळता काथ्या टाकला तर प्रत्येक तंतू आपल्याबरोबर पाण्याचा पापुद्रा घेऊन येतो आणि तोच भुसभुशीत पट्टा आणखी जाड होतो.

कालवायच्या अर्धा तास आधी काथ्या भिजवा. मग जुन्या सुती पंचात गुंडाळून दोघांनी दोन टोकांनी पिळा. नंतर पंचावर मोकळा करून दहा मिनिटं सावलीत ठेवा. एक तंतू उन्हाकडे धरून पाहा: पाण्याची चमक नको, पण बोटांत वळवला तर कडकन वाजायलाही नको. टिपकागदावर दाबला तर ओलसर ठसा उमटावा, थेंब पसरू नये. या अवस्थेत पिळलेल्या काथ्याचं वजन करून वहीत लिहा. पुढच्या खेपेला तेच वजन आलं पाहिजे, नाहीतर दोन खेपांची तुलना करण्यात अर्थ नाही.

पायरी सातवी: कालवणं आणि भरणं

सिमेंट, मेटाकाओलिन, फ्लाय ॲश आणि वाळू कोरडीच दोनदा परतून घ्या. चारपैकी तीन भाग पाण्यात प्लास्टिसायझर मिसळून ते ओता आणि दोन-तीन मिनिटं कालवा, माल सरबरीत झाला पाहिजे. आता काथ्या चार हप्त्यांत, बोटांनी पिंजत, पावसासारखा भुरभुरत टाका. एक जण टाकेल, एक जण कालवेल. उरलेलं पाणी गरज पडेल तसं. शेवटचा काथ्या पडल्यावर तीन मिनिटांत कालवणं थांबवा. जास्त फिरवलं की तंतू एकमेकांभोवती वळून गोळे होतात. ड्रिलला लावलेल्या चमच्याने (पेंट ढवळायचा) काथ्याचा माल कालवू नका, काथ्या दांड्याला गुंडाळला जातो. घमेल्यात थापीने किंवा हाताने, मोजे घालून, बरं.

साच्याला ग्रीस किंवा जळलेलं ऑइल लावताना हात राखून. ते मालात मिसळलं तर पुन्हा तंतूवर तेलाचा थर. त्यापेक्षा प्लास्टिकचा कागद अंथरा.

४–५ मिमीचे थर देत भरा आणि प्रत्येक थर लाकडी रंध्याने दाबा. साचा टेबलावर हलकेच आपटून हवा काढा, दहा-पंधरा वेळा बस. जोरात किंवा बराच वेळ हादरवलं की पाणी वर यायला लागतं, वाटेत आडव्या तंतूंच्या पोटाखाली अडकतं, आणि तिथे तंतूची खालची बाजू मोकळीच राहते. तोडलेल्या तुकड्यात हे ओळखू येतं: तंतूची वरची बाजू सिमेंटने माखलेली आणि खालची स्वच्छ.

पकडीसाठी दाबाइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. भरून झाल्यावर वर सुती कापड, त्यावर बारदान, त्यावर फळी ठेवून ३०–४० किलो वजन अर्धा तास द्या. कापडातून जादा पाणी वर शोषलं जातं आणि सिमेंट तंतूवर दाबलं जातं. जुन्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या कारखान्यात ओला थर गुंडाळत, पाणी खेचत बनवायचे, त्यामागचं गणित हेच. (ॲस्बेस्टॉस आरोग्याला घातक आहे, जुने पत्रे फोडून ‘तंतू पुन्हा वापरू’ असला विचार चुकूनही नको.)

पायरी आठवी: पाणी मारणं

पहिले २४ तास प्लास्टिकने झाकून, सावलीत. या काळात वारा लागला तर कडा आधी वाळतात आणि तंतू आकसून सुटतात, ते नंतर पाणी मारून जोडले जात नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ओलं बारदान आणि वर प्लास्टिक, किमान १४ दिवस, जमल्यास २८. फ्लाय ॲश आणि मेटाकाओलिन यांना चुना खायला वेळ आणि ओल दोन्ही लागतात. सात दिवसांत बारदान काढून टाकायचं असेल तर त्यांच्यावर खर्च करू नका.

नंतर एकदम उन्हात काढू नका. चार दिवस सावलीत वाळू द्या.

पकड मोजायची कशी: बाटली आणि नळीचा तुकडा

प्रयोगशाळेत एकेक तंतू ओढून काढायचं यंत्र असतं. आपल्याला पाण्याची बाटली आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो.

एक इंची पीव्हीसी पाइपचे बरोबर २० मिमी उंचीचे तुकडे कापा. प्लायवूडच्या फळीला सुईएवढी भोकं पाडा, प्रत्येक भोकावर एक तुकडा ठेवा. भोकातून एक लांब तंतू ओवा, खाली १०० मिमी मोकळा सोडा, वरचं टोक काडीला चिकटवून उभा ताठ धरा. काथ्याविना माल भरा. घट्ट झाल्यावर वरचं टोक पृष्ठभागाशी कापून टाका. २८ दिवस इतर मालासारखंच पाणी. प्रत्येक प्रकाराचे, म्हणजे साधा, धुतलेला आणि कॉस्टिकचा, किमान दहा-दहा नमुने करा. काथ्या इतका बेभरवशाचा आहे की दोन-तीन नमुन्यांवरून काहीच कळत नाही. तंतूची जाडी भरण्याआधी मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजून सरासरी लिहून ठेवा.

चाचणीला तुकडा दोन विटांच्या फटीवर ठेवा, तंतू खाली लोंबता. त्याचं टोक जाड कागदाच्या दोन तुकड्यांमध्ये सुपरग्लूने चिकटवा. गाठ मारू नका, तंतू गाठीतच तुटतो. कागदाला भोक पाडून हुक, हुकाला रिकामी बाटली. सलाइनच्या नळीने बाटलीत बारीक धार सोडा. बाटली पडली की हुक-कागदासकट तिचं वजन करा.

समजा तंतू ०.२५ मिमी जाड, २० मिमी गाडलेला आणि ४८० ग्रॅमला निसटला. ४८० ग्रॅम म्हणजे ४.७ न्यूटन. तंतूचं सिमेंटला लागलेलं क्षेत्रफळ ३.१४ × ०.२५ × २० = १५.७ चौरस मिमी. भागाकार ०.३ न्यूटन प्रति चौरस मिमी, ही पकड. आता त्याच जाडीचा मोकळा तंतू समजा ७५० ग्रॅमला तुटतो. म्हणजे त्याला तुटेपर्यंत धरून ठेवायला ३१ मिमी गाडावा लागेल, आणि चिरेच्या दोन्ही बाजू मिळून ६२ मिमी लांबी. आपला तुकडा ३० मिमीचा, आणि चीर बरोबर मधोमध गेली तरी एका बाजूला १५ मिमीच. म्हणजे तो निम्म्याहून कमी ताकदीवर निसटणार. प्रक्रियेने पकड ०.६ वर नेली की हीच गरज साडेपंधरा मिमीवर येते. ३० मिमीचा तंतू आता तुटण्याच्या उंबरठ्यावर, तरी निसटतच बाहेर येईल. हवं होतं ते हेच. पकड याहूनही वाढवायची असेल तर तंतू आखूड करावे लागतील.

तोडलेला तुकडा वाचणं

५० मिमी रुंद पट्टी दोन टेकूंवर ठेवून मध्ये दाबून मोडा आणि भिंगातून मोडलेली कड पाहा. तंतू १०–१५ मिमी लांब, स्वच्छ, गुळगुळीत बाहेर आलेले असतील तर पकड कमी. मेण राहिलंय किंवा काथ्या निथळता टाकलाय. तंतू पृष्ठभागाशी सपाट तुटलेले असतील तर पकड जास्त, किंवा कॉस्टिकने तंतू कमजोर. तीन ते आठ मिमी बाहेर आलेले आणि अंगावर राखाडी पूड चिकटलेली, हे उत्तम. तंतूभोवती तपकिरी कडं आणि नखाने खरवडलं की निघणारी भुकटी असेल तर साखर. दुसऱ्या पायरीवर परत जा. काथ्याचा पुंजका कोरडाच दिसला तर कालवताना गोळा झालाय.

दुसरे तंतू वापरणार असाल तर

स्टीलच्या गुळगुळीत तारेची सिमेंटशी पकड मुळातच बेताची. ०.५ मिमी जाड, १,१०० न्यूटन प्रति चौरस मिमी ताकदीची तार आणि पकड २.५ न्यूटन प्रति चौरस मिमी धरली तर तुटेपर्यंत धरायला चिरेच्या दोन्ही बाजू मिळून ११० मिमी लांबी लागेल. म्हणूनच बाजारातल्या तंतूंची टोकं वाकवलेली असतात. बाहेर ओढताना ते वाकवलेलं टोक सरळ व्हावं लागतं आणि सगळा जोर तिथे खर्च होतो. अशा तंतूंना काही लावू नका, फक्त एकत्र चिकटवून आलेल्या तंतूंच्या पट्ट्या कालवताना सुट्या होऊ द्या. बाइंडिंग वायर कापून वापरायची हौस असेल तर आधी साबणाने तेल काढा आणि तुकडे नागमोडी करा. गंजाची हलकी तांबूस छटा चालते, पापुद्रे सुटलेला गंज नको.

पॉलिप्रॉपिलीन पाण्याला जवळच करत नाही, त्यामुळे त्याची सिमेंटशी रासायनिक पकड जवळजवळ नसते. एका पोत्याला सव्वाशे ग्रॅमच्या पुडीत येणारे बारीक तंतू प्लास्टरच्या सुरुवातीच्या आकसण्याच्या चिरा रोखतात, तेवढंच त्यांचं काम. त्याहून जास्त अपेक्षा दुकानदाराच्या बोलण्यावरून ठेवू नका. ताकद हवी असेल तर अंगावर खाचा उठवलेले जाड तंतू घ्या.

पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) या कृत्रिम तंतूचं अगदी उलट. तो सिमेंटला इतका घट्ट धरतो की निसटण्याऐवजी तुटतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात व्हिक्टर ली यांनी १९९० च्या दशकात वाकणारं सिमेंट विकसित केलं, तेव्हा या तंतूंची पकड मुद्दाम कमी करावी लागली: तंतूच्या वजनाच्या साधारण १.२ टक्का तेलाचा लेप देऊन. आकारमानाने दोन टक्के तंतू घातलेला तो माल तुटण्याआधी तीन ते पाच टक्के ताणला जातो, साधं काँक्रीट टक्क्याचा शंभरावा भाग ताणलं की चिरतं.

काचेचे तंतू घेताना झिर्कोनिया (झिर्कोनियम धातूचं ऑक्साइड) असलेली अल्कली-रोधक काचच घ्या, १६ टक्के किंवा जास्त. साधी काच सिमेंटचा अल्कली खाऊन टाकतो. ब्रिटनमध्ये ए. जे. मजुमदार यांच्या कामातून ही काच १९६० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आली. वॉटरप्रूफिंगच्या दुकानातली स्वस्त जाळी बहुधा साधी काच आणि वर प्लास्टिकचा लेप अशी असते. लेप खरवडला गेला की आतली काच उघडी. काचेच्या दोऱ्यात शेकडो धागे असतात, सिमेंट फक्त बाहेरच्यांना धरतं आणि आतले घसरत राहतात. ॲक्रिलिक पॉलिमर (सिमेंटच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के घन भाग) घातला तर आतल्या धाग्यांमध्ये चुना शिरून ठिसूळपणा यायला वेळ लागतो.

काथ्याच्या पत्र्याचं शेवटचं काम वर्षभराने असतं. भरताना सहा पट्ट्या जास्तीच्या करा, कायम शाईने तारीख टाका. तीन घरात ठेवा, तीन गच्चीवर पाऊस-उन्हात. एका पावसाळ्यानंतर सगळ्या मोडा. गच्चीवरच्या पट्ट्या जड वजनाला मोडल्या पण एका झटक्यात, आणि तंतू सपाट तुटलेले दिसले, तर तंतूंत चुना भरला आहे: पुढच्या खेपेला मेटाकाओलिन १ किलोवरून २ किलो करा, सिमेंट तेवढंच कमी करा, आणि पत्र्याला बाहेरून पाणी रोखणारा लेप द्या.